जर्नल क्लब चालवायचाय? आधी पीपीटी बंद करा

आपल्याकडच्या बऱ्याच मायक्रोबायोलॉजी विभागांत जर्नल क्लब, म्हणजे छापलेला एक संशोधन-पेपर सगळ्यांनी मिळून तपासायची बैठक, हा नुसता टाइमटेबलमधला एक तास असतो. एकाने चाळीस स्लाइडची पीपीटी आणायची, पेपरातली वाक्यं जशीच्या तशी वाचायची, शेवटी गुलाबाच्या फुलासकट 'थँक यू' लावायचं. सर विचारतात, "एनी क्वेश्चन?" सगळे पंख्याकडे बघतात. एखादा हुशार "फ्युचर स्कोप काय आहे?" असं विचारून सगळ्यांची सुटका करतो. मग चहा. या तासात त्या पेपरावर कोणी शंका घेतलेली नसते, आणि सादर करणाऱ्यानेही फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि निष्कर्ष एवढंच धड वाचलेलं असतं.

मी अमळनेरची. एमएस्सी भुसावळ-सुरत लाइनवर पॅसेंजरने अपडाऊन करत केली. आता जळगावला पीएचडी करतेय आणि आमच्या जर्नल क्लबचं सगळं लचांड, म्हणजे खोली मिळवण्यापासून झेरॉक्सपर्यंत, माझ्या गळ्यात आहे. खाली लिहिलंय ते धुळ्याला, शिरपूरला, चोपड्याला, नंदुरबारला कुठल्याही कॉलेजात चालेल. फंड लागत नाही, स्मार्ट बोर्ड लागत नाही. एक बरा झेरॉक्सवाला लागतो आणि तासभर गप्प बसू शकतील असे एक सर लागतात. दुसरी गोष्ट मिळवणं जास्त अवघड.

"आमच्याकडे जर्नल्सच येत नाहीत, क्लब कसला काढता?" असं कोणी म्हणालं तर त्यांना विल्यम ऑस्लर यांचं उदाहरण द्या. १८७५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी जर्नल क्लब काढला तोच मुळी एकट्याला परवडत नसलेली नियतकालिकं सगळ्यांनी मिळून मागवावीत म्हणून. क्लबाचा जन्मच तंगीतला आहे.

माणसं, वार, वेळ

आठ ते बारा जण पुरे. पाचावर आलं की दोघांना ताप आल्यावर क्लब बंद, आणि पंधराच्या वर गेलं की मागची रांग रील बघत बसते. एमएस्सीचं पहिलं वर्ष, दुसरं वर्ष आणि पीएचडीवाले असे मिसळून घ्या. नुसत्या पीएचडीवाल्यांचा क्लब माझ्या मते फुकट जातो, कारण तिथे "हे म्हणजे काय?" विचारायची सगळ्यांनाच लाज वाटते. पहिल्या वर्षाची पोरं ते बिनधास्त विचारतात आणि मग कळतं की मोठ्यांनाही ते येत नव्हतं.

वार निवडताना नकाशा बघा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे येतात; नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंतची पोरं एका वर्गात बसलेली असतात. शनिवारी अर्धा वर्ग गावी गेलेला, सोमवारी सकाळी अर्धा गावाहून यायचाय. बुधवार किंवा गुरुवार धरा, दुपारी, प्लेटा इन्क्युबेटरमध्ये गेल्यावर. आणि अपडाऊनवाल्यांना गाडीची वेळ विचारूनच तास ठरवा. गाडी चुकणार असेल तर पोरगी प्रश्न विचारत नाही, घड्याळ बघते.

दर आठवड्याला ठेवू नका, पंधरा दिवसांनी ठेवा. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत तेव्हा घरून फोन येतात आणि हजेरी निम्मी होते. त्या दिवसांत दोन-तीन पानांचा पेपर घ्या. क्लबाला इंटर्नल मार्क मात्र जोडू नका. एका कॉलेजात तसं केलं होतं. मार्क लागल्याबरोबर पीपीटी परत आल्या, गुलाबासकट.

पेपर निवडणं

इथे घाई करायची नाही. चांगला क्लब बिघडतो तो नव्वद टक्के चुकीच्या पेपराने. पोरं काय करतात, तर गाजलेल्या जर्नलमधला ताजा पेपर उचलून आणतात: सात फिगर, प्रत्येक फिगरला ए ते एम असे तुकडे, वर तीस पानांचं सप्लिमेंट. दीड तासात त्याचं पहिलं पानही होत नाही. रिव्ह्यू पेपरही नको, त्यात तपासायला काही नसतं. नुसती जीनोम जाहीर करणारी टिपणंही नकोत.

पहिला पेपर म्हणून मी शंभुनाथ डे यांचा सुचवते. कलकत्त्याचा माणूस, १९५९ सालचा 'नेचर'मधला पेपर, दोन पानांचा. रॉबर्ट कॉख १८८४ मध्ये कलकत्त्याला येऊन कॉलऱ्याचा जंतू दाखवून गेले, पण तो जंतू माणसाच्या अंगातलं पाणी इतकं काढतो कसं, हे पुढची पंचाहत्तर वर्षं धड कोणाला दाखवता आलं नव्हतं. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात कॉलऱ्याचं कल्चर गाळून मिळालेला द्रव सोडला, बॅक्टेरिया काढून टाकलेला. आतडं पाण्याने फुगलं. म्हणजे जंतू स्वतः हजर नसतानाही त्याने बाहेर सोडलेलं विष काम करत होतं. महागडं यंत्र नाही, कॉम्प्युटर नाही. एमएस्सी पहिल्या वर्षाच्या पोराला पूर्ण कळेल असा हा पेपर आहे आणि त्याला प्रश्नही मस्त विचारता येतात: त्या द्रवात एकही जिवंत जंतू उरला नव्हता हे कशावरून? नुसतं पेप्टोन वॉटर, म्हणजे जंतू वाढवायचं पाणी, सोडलं असतं तर काय झालं असतं? दुसऱ्या बॅक्टेरियाचं गाळलेलं कल्चर सोडलं तर? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "असलं संशोधन तिकडे होतं, आपल्याकडे नाही" हे वाक्य पहिल्याच दिवशी खोलीतून बाहेर जातं.

दुसरा, लुरिया आणि डेलब्रुक यांचा, १९४३ चा. त्यातलं गणित बघून पोरं पळतात, म्हणून सगळा पेपर देऊ नका. मूळ प्रश्न आणि आकड्यांचा एक तक्ता द्या. बॅक्टेरियावर फाज, म्हणजे त्यांना मारणारा व्हायरस, सोडला की बहुतेक मरतात, थोडे वाचतात. वाचलेल्यांना प्रतिकार फाज भेटल्यावर येतो, की काहींच्यात तो आधीच म्युटेशनने आलेला असतो? फाज भेटल्यावर येत असेल तर वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या कल्चरमधून साधारण सारख्याच वसाहती (कॉलनी) मिळायला हव्यात. आधीच येत असेल तर बहुतेक नळ्यांत शून्य किंवा एक-दोन, आणि ज्या नळीत म्युटेशन लवकर घडलं तिथे एकदम शंभर-दोनशे. तक्ता वाचायच्या आधी ही दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहून घ्या. मगच तक्ता उघडा. आकड्यांची उधळण बघून खोलीतला आवाज वाढतो, हे मी स्वतः बघितलंय.

तिसरा जरा भांडणाचा घ्या. २०१० च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स'ने एक पेपर ऑनलाइन आणला: कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला जीएफएजे-१ नावाचा बॅक्टेरिया फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर वाढतो आणि डीएनएतही आर्सेनिक बसवतो. जगभर गाजावाजा झाला. रोझी रेडफिल्ड या कॅनडातल्या मायक्रोबायोलॉजिस्टने मुद्दा काढला तो अगदी लॅबमधला: मीडियम बनवताना वापरलेल्या क्षारांतच थोडं फॉस्फेट होतं, आणि डीएनए नीट धुऊन स्वच्छ केलेला नव्हता. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र पेपर आले. बॅक्टेरियाला फॉस्फेट लागतंच, आणि स्वच्छ केलेल्या डीएनएत आर्सेनिक सापडत नाही. तरी मूळ पेपर तसाच उभा राहिला. 'सायन्स'ने तो मागे घेतला २०२५ मध्ये, तोही लबाडी झाली म्हणून नाही, तर दिलेल्या प्रयोगांवर निष्कर्ष टिकत नाही म्हणून. मूळ लेखकांना ते मान्य नव्हतं. मागे घेणं योग्य होतं का, यावर आमच्याकडे बाचाबाची झाली. माझं मत विचाराल तर पेपर तसाच ठेवायला हवा होता, बाजूला २०१२ चे दोन्ही पेपर टाचून. पण हे मत मी क्लबात शेवटी सांगते.

एवढं झालं की आपल्या मातीतला विषय घ्या. बीटी कापसातलं 'बीटी' म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, मातीतला बॅक्टेरिया, हे आपल्या वर्गातल्या कापूसवाल्या घरच्या पोरांनासुद्धा परीक्षेपुरतंच माहीत असतं. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचा बोलगार्ड-टू आला, आणि पहिल्या जनुकाच्या क्राय-१-एसी या प्रथिनाला शेंदरी बोंडअळी दाद देईनाशी झाल्याचं दशक संपायच्या आत गुजरातेत दिसलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात काय झालं ते आपण शेतात बघितलंय. यावरचा, अळ्यांवर ते प्रथिन चालवून बघणाऱ्या चाचणीचा म्हणजे बायोअ‍ॅसेचा एखादा पेपर घ्या. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटी पुडी का यायची आणि ती बांधावर का फेकली जायची, याचं उत्तर त्याच पेपराच्या प्रस्तावनेत निघतं. एकच सांभाळा: चर्चा कृषी केंद्राच्या ओट्यावरच्या गप्पांकडे घसरते. दहा मिनिटं घसरू द्या, मग फिगरवर परत आणा. अळ्या कुठून गोळा केल्या? तुलनेला घेतलेली संवेदनशील अळी लॅबमध्ये किती पिढ्या वाढवलेली होती?

रावेर-यावलची पोरं केळीवरचे पेपर आणतात. करपा बुरशीचा, मर बुरशीची, हरण्या व्हायरसचा; बॅक्टेरियॉलॉजीच्या क्लबाला यातलं काही चालत नाही. कंद कुजण्याचा चालतो, तो पेक्टोबॅक्टेरियमचा. शोधताना इर्विनिया हे जुनं नावही टाका, नाहीतर निम्मे पेपर दिसणार नाहीत.

आणि वर्षातून एकदा मुद्दाम एक वाईट पेपर घ्या. कुठला ते सांगायला नको: कडुनिंब, तुळस नाहीतर सीताफळाच्या पानांचा अर्क, चार बॅक्टेरिया, झोन ऑफ इनहिबिशन (अर्काभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ), मिलिमीटरचा तक्ता. खानदेशातल्या निम्म्या एमएस्सी प्रोजेक्टची ही पायवाट आहे, त्यामुळे सगळ्यांना त्यातलं सगळं कळतं. फिगरमधल्या प्लेटचा फोटो मोठा करून भिंतीवर लावा आणि एकेकाला उठवून विचारा. अर्क मेथॅनॉलमध्ये काढला, मग नुसत्या मेथॅनॉलचं वेल, म्हणजे अगारमधला खड्डा, कुठे आहे? वेलमध्ये किती मायक्रोलिटर, आणि त्यात कोरडा अर्क किती मिलिग्रॅम? इनॉक्युलम, म्हणजे प्लेटवर पसरलेले बॅक्टेरिया, ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाला जुळवलं होतं का, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी? बॅक्टेरिया वाढवायच्या म्यूलर-हिंटन अगारचा थर ४ मिलिमीटर होता का? थर पातळ असला की झोन मोठा दिसतो, इनॉक्युलम दाट असलं की लहान. आणि ज्या रसायनाचे रेणू मोठे, ते अगारमधून सरकतच नाही. झोन एवढासा, पण औषध कदाचित जोरदार. म्हणून झोनच्या जोडीला एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा, हवीच. "टेट्रासायक्लिनपेक्षा तुळस भारी" हे वाक्य या प्रश्नांनंतर कोणी थिसिसमध्ये लिहीत नाही. आमच्या एका पहिल्या वर्षाच्या पोराने फोटोकडे बोट दाखवून सरळ अहिराणीत विचारलं, "पन कंट्रोल कोठे शे?" कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. तो आता आमच्याकडे म्हणीसारखा वापरला जातो.

पेपर हातात कसा येतो

पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी इथे पूर्ण पेपर फुकट मिळतात, बायोआर्काइव्हवर छापण्याआधीचे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी उच्चशिक्षण संस्थांना इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या सरकारी जाळ्यामार्फत उघडी होतात. तुमच्या कॉलेजला ते लागू आहे का, हे ग्रंथपालांना जाऊन विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. काहीच जमलं नाही तर पेपरावर ज्यांचा मेल दिलेला असतो त्यांना चार ओळी लिहा. बहुतेक लोक पीडीएफ पाठवतात, आनंदाने.

झेरॉक्सला आठवडाभर आधी द्या. मजकूर काळा-पांढरा चालेल, पण फ्लुओरोसन्सचे फोटो काळे-पांढरे काढले की नुसता डांबराचा चौकोन मिळतो. फिगरची पानं तेवढी रंगीत काढा, दोघांत एक. मजकूर मोबाइलवर वाचला तरी हरकत नाही, फिगर कागदावर हवी. त्यावर पेनाने गोल करता आला पाहिजे.

प्रत्यक्ष बैठक

दीड तास, त्यावर एक मिनिट नाही. पीपीटी नाही. फळा, खडू, कागद.

ज्याची पाळी आहे त्याने पहिली दहा मिनिटं फळ्यावर एवढंच सांगायचं: हा प्रश्न आधी कुठपर्यंत आला होता, आणि या लोकांना काय शोधायचं होतं. निष्कर्ष सांगायचा नाही. ही अट पाळणं पोरांना फार जड जातं. पण पहिल्याच वाक्यात निष्कर्ष सांगितला की पुढचा तास सगळे मान डोलावतात.

मग फिगर एकेक करून. प्रत्येक फिगर आठवडाभर आधीच एका जोडीला वाटून दिलेली असते, एक लहान वर्गातला, एक मोठ्या. बोलायचं लहानाने. त्याने तीनच गोष्टी सांगायच्या: आडव्या-उभ्या अक्षावर काय आहे, कंट्रोल कुठला आहे, आणि लेखकांचं म्हणणं खोटं असतं तर ही फिगर कशी दिसली असती. तिसरा प्रश्न हा सगळ्या क्लबाचा जीव आहे. ज्या फिगरला याचं उत्तरच देता येत नाही, ती फिगर काही सिद्ध करत नाही. मग ती कितीही रंगीत असो.

बोलण्याचा क्रम ठरलेला: आधी पहिलं वर्ष, मग दुसरं, मग पीएचडी, सगळ्यात शेवटी सर. यात वाकडं जाऊ देऊ नका. आपल्याकडे सरांनी एकदा "पेपर चांगला आहे" म्हटलं की विषय संपतो, त्याविरुद्ध बोलायची कोणाची छाती होत नाही. सरांना आधी केबिनमध्ये जाऊन आदराने सांगा, "सर, तुम्ही शेवटची पंधरा मिनिटं घ्या." बहुतेकांना ते आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांना पुढच्या रांगेत न बसवता मध्ये बसवा. पोरांच्या पाठी त्यांच्याकडे होतात आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

भाषेचं म्हणाल तर वाचायचं इंग्रजीत, भांडायचं मराठीत. अहिराणी आली तर आणखी बरं. 'बायोफिल्म', 'प्लास्मिड', 'ओडी' हे शब्द जसे आहेत तसे राहू द्या, त्यांना मराठी करत बसू नका. ज्या पोराला "माले काहीच समजनं नही" असं मोकळेपणाने म्हणता येतं, तो पुढच्या महिन्यात बोलायला लागतो. इंग्रजीची सक्ती केली तर तो दोन वर्षं गप्प बसेल.

फिगरला काय विचारायचं

काही प्रश्न पुन्हा पुन्हा लागतात, ते रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलेत.

उभ्या अक्षावर ओडी आहे की सीएफयू, म्हणजे प्लेटवर वाढवून मोजलेले जिवंत बॅक्टेरिया? ओडी म्हणजे नुसता गढूळपणा. मेलेले बॅक्टेरियाही प्रकाश अडवतात, आणि एखाद्या अँटिबायोटिकने ते न विभागता नुसतेच लांबत गेले तरी ओडी वाढते. "वाढ झाली" आणि "संख्या वाढली" यात हा फरक आहे.

अक्ष लॉगमध्ये, म्हणजे दर पायरीला दहापट असा, आहे का? "९९ टक्के बॅक्टेरिया मेले" हे ऐकायला भारी वाटतं. १० कोटींतले ९९ टक्के मेले तरी १० लाख जिवंत आहेत, म्हणजे फक्त दोन लॉगची घट. बॅक्टेरिया मारणारं औषध म्हणायला साधारणपणे २४ तासांत तीन लॉग, म्हणजे ९९.९ टक्के लागतात. हा हिशोब एकदा फळ्यावर करून दाखवा. पुढे टीव्हीवरची साबणाची जाहिरातसुद्धा पोरं वेगळ्या डोळ्यांनी बघतात.

एन, म्हणजे प्रयोग किती वेळा केला तो आकडा; एन बरोबर तीन म्हणजे कोणते तीन? एकाच कल्चरमधून एकाच प्लेटच्या तीन वेलमध्ये टाकलं, तर ते तीन प्रयोग नव्हेत, पिपेट किती सरळ चालला याची ती परीक्षा आहे. तीन वेगळ्या दिवशी वेगळ्या वसाहतींपासून सुरुवात केली असेल तर तीन. आणि एरर बार एसडीचा (आकडे किती विखुरलेत) आहे की एसईएमचा (सरासरी किती चुकू शकते), हे फिगरखालच्या बारीक अक्षरात शोधा. एसईएम नेहमीच लहान दिसतो, म्हणून लोकांना आवडतो.

जीन काढून टाकलं आणि गुण गेला, ठीक. ते जीन परत घातल्यावर गुण परत आला का? बॅक्टेरियात जीनं ऑपेरॉनमध्ये रांगेने असतात, एकाला धक्का दिला की मागची बंद पडू शकतात. कॉम्प्लिमेंटेशन, म्हणजे जीन परत घालून बघणं, नसलेला नॉकआउट आला की आमच्याकडे पहिल्या वर्षाचीसुद्धा हात वर करतात.

सोळा-एस या जनुकावरून बॅक्टेरियाची ओळख पटवली असेल तर किती खोलवर? त्यावरून ई. कोलाय आणि शिगेला वेगळे सांगता येत नाहीत. आणि ज्या नमुन्यात बॅक्टेरिया मुळातच कमी आहेत, तिथे डीएनए काढायच्या किटमधलेच बॅक्टेरिया निकालात येतात. २०१४ मध्ये यावर एक पेपर आला आणि खूप जणांची झोप उडाली. म्हणून नुसतं पाणी घालून काढलेला कोरा नमुना दाखवलाय का, ते बघा. अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्याचं पाणी आणून "नवीन थर्मोफाइल सापडला" म्हणणाऱ्या आपल्याच लोकांनाही हाच प्रश्न.

फोटोंकडेही बारकाईने बघा, कागद उलटा धरून बघा. एलिझाबेथ बिक या मायक्रोबायोलॉजिस्टने सहकाऱ्यांसोबत २०,६२१ पेपर नुसत्या डोळ्यांनी तपासले, आणि २०१६ मध्ये 'एमबायो'त सांगितलं की ३.८ टक्क्यांत फोटो संशयास्पदरीत्या पुन्हा वापरलेले आहेत. तुम्हाला असं काही दिसलं तर पबपीअर या, पेपरांवर शंका लिहायच्या साइटवर आधी कोणी लिहिलंय का बघा. स्टेटसवर टाकून मोकळे होऊ नका. चूक आणि लबाडी यातला फरक खोलीत बसून ठरत नाही.

शेवटची पंधरा मिनिटं

सर बोलले की एक काम उरतं: आपण असतो तर पुढचा प्रयोग कोणता केला असता? अट अशी की आपल्या विभागात आहे त्याच सामानात. ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रिफ्यूज, आणि दुपारी कधीही जाणारी वीज. इथे पोरं जी खुलतात ती पेपर वाचतानाही खुलत नाहीत. त्यातून निघालेले दोन एमएस्सी प्रोजेक्ट सध्या विभागात चालू आहेत, दोन्हींत नुसत्या सॉल्व्हंटचं कंट्रोल आहे.

हे सगळं लांब रजिस्टरमध्ये एका पानात लिहायचं: पेपर कोणता, कोणती फिगर टिकली, कोणती नाही, पुढचा प्रयोग कोणता. लिहिणारा दर वेळी वेगळा. पुढच्या वर्षी तोच पेपर परत आला तर जुनं पान वाचायला मजा येते.

अडचणी यायच्याच. कोणीच वाचून आलं नाही, तर क्लब रद्द करू नका आणि भाषणही देऊ नका. पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून एकच फिगर वाचायची, मग त्याच फिगरवर बोलायचं. दोघंच बोलत असतील तर त्यांना रजिस्टर लिहायला बसवा. सादर करणाऱ्याला प्रश्न झेपेनासे झाले, की प्रश्न पेपराला विचारलेत, त्याला नाही, हे मोठ्याने सांगा आणि फिगर दुसऱ्या जोडीकडे द्या. आपल्याच विभागातला पेपर घ्यायचा असेल तर लेखकाने पूर्ण वेळ गप्प बसायचं ठरलं असेल तरच घ्या. चहा आणि केळीच्या वेफर्सची वर्गणी महिन्याच्या सुरुवातीलाच काढा, नंतर मिळत नाही.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा एकतर सकाळी आठला बसा, नाहीतर सरळ जूनपर्यंत बंद ठेवा. दुपारी पंख्याखाली बसून लुरिया-डेलब्रुक कोणालाच झेपत नाहीत. क्लब सांभाळणारा माणूस दरवर्षी बदलायचा. जाताना जुन्याने नव्याच्या हाती रजिस्टर द्यावं, ग्रुपचं अ‍ॅडमिनपद द्यावं, आणि झेरॉक्सवाल्याकडे किती उधारी राहिलीय ते खरं सांगावं.